कंठीची चौथी आणि पाचवी

कंठी आता पाचवीत जाणार, हे ऐकल्यावर सुंद्राक्कानं पहिला प्रश्न विचारला तो असा, की चौथीत तिचं काय अडलं होतं.

“अडलं काही नाही, आज्जी,” दवाखान्याची आरिफा म्हणाली. “कंपनीच चौथी आवृत्ती बंद करतेय. तीस तारखेनंतर ती बिघडली तर दुरुस्त करायला कुणी नसणार.”

“मीबी चौथीपातूरच शिकलीया. मला कोण बंद करतंय बघू.”

उंबऱ्यात बसून हाडाच्या तुकड्यावर कानस फिरवणारी सून, प्रणोती, खाली मान घालून हसली. सुंद्राक्कानं ते पाहिलं आणि पुढच्या भांडणासाठी राखून ठेवलं.

मिरजेत त्यांचा तंबोऱ्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे रस्त्याला लागून एक लांबट खोली, आढ्याला टांगलेले भोपळे, आणि खिडकीपाशी सुंद्राक्काच्या नवऱ्याची, इराप्पा मिस्त्रींची खुर्ची. पन्नास वर्षं मिस्त्रींनी जवारी काढली. तंबोऱ्याची तार ज्या हाडाच्या घोडीवर टेकते, तिचा माथा कानशीनं इतका हलका उतरवायचा की तार त्याला नुसती चाटून जावी. मग एका सुराच्या पोटातून दहा सूर निघतात. ती जवारी. थोडं जास्त घासलं तर सूर पसरट होतो, कमी घासलं तर घुसमटतो, म्हणजे जवारी बंद. हे काम कानाचं. म्हणून कारखान्यात नियमच होता, की जवारी पारखणाऱ्यानं वाद्याकडे पाठ करून बसायचं. तंबोरा दिसला की त्याची नक्षीसुद्धा गोड वाजायला लागते, असं मिस्त्री म्हणायचे.

सहा वर्षांपूर्वी त्यांना झटका आला. कान राहिले, बुद्धी राहिली, डावा हात राहिला. वाचा गेली.

मग दवाखान्यानं ते यंत्र दिलं. त्याचं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं, पण गळ्यात घालायची वस्तू म्हणून गल्लीनं त्याला कंठी म्हटलं. गळ्याभोवती बोटभर रुंदीची पट्टी आणि कानामागे नखाएवढी चकती. माणूस बोलायचं ठरवतो तेव्हा मेंदू गळ्याला आणि जिभेला हुकूम धाडतो. मिस्त्रींच्या मेंदूतून ते हुकूम अजूनही निघत होते, पण वाटेत इतके क्षीण व्हायचे की गळ्याशी येईपर्यंत विजेची नुसती कुजबुज उरायची. कंठी ती कुजबुज टिपायची, कुठला शब्द आहे ते ओळखायची आणि मोठ्यानं म्हणायची. ओळखायला मात्र तिला शिकवावं लागलं. दोन वर्षं सुंद्राक्का मिस्त्रींच्या समोर बसून एकेक वस्तू दाखवत होती. तांब्या. मीठ. कानस. तार. स्वतःची सही करताना जिला ओठ दाबून धरावे लागतात, त्या बाईनं यंत्राला चार हजार शब्द शिकवले, आणि ही गोष्ट ती टपालवाल्यालासुद्धा सांगायची.

चौथी आवृत्ती शब्द पुरा झाल्याशिवाय तोंड उघडायची नाही. मग पत्र्याच्या आवाजात तो एक शब्द म्हणायची आणि पुढच्याची वाट बघायची. एका वाक्याला कधी मिनिट लागायचं, कधी दोन. तेवढा दम सुंद्राक्काला कुठून असणार? पहिला शब्द आला की पुढचे ती घालायची. कंठी म्हणायची, “जवारी.” सुंद्राक्का प्रणोतीला सांगायची, “बंद हाय म्हंतात. घास आनि जरा.” मिस्त्री मान हलवायचे. शिकवणी चालू होती तेव्हापासून, सहा वर्षं घर असंच चाललं होतं.

“मग तुझी पाचवी काय नवं करती?” तिनं आरिफाला विचारलं. आरिफा मुल्ला दवाखान्यातर्फे अशा कंठ्या बघायला गावभर फिरायची. पोरगी तिशीची, पायांत चाकांचे बूट, बोलणं मऊ.

“ती शब्द ओळखत बसत नाही, आज्जी. तिनं लाखो माणसांचं बोलणं ऐकलंय. त्यावरून कुठल्या शब्दामागं काय येतं, हे तिला ठाऊक असतं. आजोबांच्या गळ्याशी पहिली कुजबुज झाली की ती अख्खं वाक्य धरते आणि बोलून टाकते.”

“म्हंजे मधीच बोलती.”

“अंदाज घेते.”

“आमच्यात त्याला मधी बोलनंच म्हंत्यात.”

ठरलं असं की आठ दिवस दोन्ही आवृत्त्या कंठीत राहतील. सकाळी चौथी, दुपारनंतर पाचवी. पट्टीवर एक बारकं बटण होतं, ते दाबलं की बदल. आठ दिवसांनी अर्जावर मिस्त्रींचा अंगठा, आणि त्याखाली एक रकाना: सांभाळणाऱ्या व्यक्तीचं मत.

“म्हंजे माझं,” सुंद्राक्का म्हणाली.

“तुमचं.”

आरिफानं बटण दाबलं. पट्टीवरचा दिवा हिरव्याचा निळा झाला.

“सुंद्रा,” मिस्त्री म्हणाले, “चहा फक्कड झालाय.”

आवाज त्यांचा होता. पत्र्याचा नाही, त्यांचा. गिऱ्हाइकांना तंबोरा समजावून सांगतानाची जुनी ध्वनिमुद्रणं प्रणोतीनं जपून ठेवली होती, त्यांतून आरिफानं तो बांधून आणला होता. तीच घोगरी किनार, वाक्याच्या शेवटी तसंच थोडं खाली बसणं. सुंद्राक्कानं खांबाला हात लावला. सहा वर्षांत तो आवाज आपण विसरत चाललो होतो, हे तिला त्या क्षणी कळलं, आणि त्याचीच तिला शरम वाटली.

मग दुसरी गोष्ट ध्यानात आली. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात मिस्त्रींनी तिचं नाव घेतलं नव्हतं. ‘अगं’ एवढंच. आणि चहाचं म्हणाल तर बशी रिकामी करून पालथी घालणं, हेच कौतुक. तिनं डोक्यावर पदर ओढला.

“आवाज ह्यांचा हाय,” ती आरिफाला म्हणाली. “आत कोन बसलाय तेवडं बघ.”

तरी दुपारी तिच्या फेऱ्या वाढल्या. कधी पाणी विचारायला, कधी उगीच भोपळ्यांवरची धूळ झटकायला. पाचवी काहीबाही बोलायची, वारा छान सुटलाय, पाय जरा दाब, प्रणोती गुणाची आहे. सुंद्राक्का शब्दांकडे कान न देता नुसता आवाज ऐकून यायची.

तिसऱ्या दिवशी प्रणोतीचं दुपारचं काम लांबलं. नव्या तंबोऱ्याची तार छेडून ती थांबली होती. सुंद्राक्कानं मिस्त्रींपुढं ताट ठेवलं आणि मिस्त्री म्हणाले, “आज ज्वारी जमली नाही. जाड झाली.”

सुंद्राक्का भाकरीकडे बघत राहिली. ताटात पापुद्रा सुटलेली, टम्म फुगलेली भाकरी होती.

“जाड?” ती म्हणाली. “तुमच्या आईच्या हातच्या भाकरीवर पाट मांडून बसता आलं असतं. तेव्हा न्हाई तोंड उघाडलं. आता आवाज फुटला तर पहिलं हे?”

मिस्त्री डावा हात हलवू लागले. पाचवी म्हणाली, “माफ कर, सुंद्रा, पोट बरं नाही.” मिस्त्रींनी कपाळाला हात लावला, मग तोच हात तंबोऱ्याकडे केला, आणि प्रणोतीला आधी उमगलं. ती कानस खाली ठेवून हसत सुटली.

“आत्याबाई, जवारी. मामंजी जवारीचं म्हणतायत. हिनं ज्वारी केली.”

सुंद्राक्कानं ओढून घेतलेलं ताट परत सरकवलं. तिला राग यायला हवा होता, पण आलं ते समाधान. लाखो माणसांचं बोलणं ऐकलेली ही बाई, आणि लाखो माणसांना ज्वारी ठाऊक, जवारी कुणालाच नाही. संध्याकाळी तिनं आरिफाला फोन लावून ऐकवलं. “तुझी पाचवी शिकल्याली हाय, पर ह्या घरातली न्हाई. मी चौथीच ठेवनार. आनि पुढचं मी बघून घेते, मला पहिल्या अक्षरात कळतंय त्यांच्या मनातलं.”

फोन ठेवला तर प्रणोती दारात उभी.

“मग पारख करू या, आत्याबाई,” ती म्हणाली. “कारखान्याच्या नियमानं. पाठ करून.”

“कुणाची पारख?”

“तिघींची. चौथी, पाचवी आणि तुम्ही.”

नाही म्हणायची सुंद्राक्काची रीत नव्हती, विशेषतः सुनेला.

रविवारी सकाळी आरिफा आली. तिनं कंठीत दोन्ही आवृत्त्या एकदम चालू केल्या. चौथी नेहमीसारखी बोलणार, पाचवी मुकी राहून आपला अंदाज आरिफाच्या काचपाटीवर लिहिणार. सुंद्राक्कानं मिस्त्रींकडे पाठ करून बसायचं आणि पहिला शब्द ऐकला की पुढचं वाक्य प्रणोतीच्या कानात सांगायचं. मग कुणीही हलायचं नाही, बोलायचं नाही. वाक्य संपलं की मिस्त्री डावा हात उचलतील. अशी दहा वाक्यं.

“जवारी,” चौथी म्हणाली.

सुंद्राक्का कानात म्हणाली, तिसरी तार बंद हाय. मग सगळे बसून राहिले. असं बसणं किती लांब असतं, हे तिला माहीतच नव्हतं. रस्त्यावरून एक विजेची रिक्षा गेली. प्रणोतीचा श्वास ऐकू आला. “तिसऱ्या…” बऱ्याच वेळानं, “तारेची…” आणि मग, “बंद.”

सुंद्राक्काची मान ताठ झाली. काचपाटीवर ज्वारीचं पीठ आलं होतं.

“पाणी,” चौथी म्हणाली.

पाणी पायजे, सुंद्राक्कानं सांगितलं. पाटीवरही तेच उमटलं. ती सवयीनं उठायला गेली, प्रणोतीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. थांबा. थांबता थांबता चौथी म्हणाली, “कोपऱ्यातल्या… भोपळ्याला… लागलंय.” प्रणोतीनं जाऊन बघितलं. भिंतीकडच्या भोपळ्याच्या बुडाला ओलीचा डाग होता.

चौथं की पाचवं वाक्य आलं.

“खिडकी.”

ह्याला काय अंदाज लागतो? मिस्त्री आठवड्यातून चार वेळा खिडकी म्हणायचे, आणि चारही वेळा सुंद्राक्का उठून ती लावून टाकायची. झटका आलेल्या माणसाला वारा वाईट. खिडकी लाव, वारा लागतोय, ती प्रणोतीच्या कानात म्हणाली. पाटीवर शब्द आले: खिडकी बंद कर, वारा लागतोय. आरिफानं पाटी पुढं धरली. सुंद्राक्कानं अक्षरं लावून वाचली आणि पहिल्यांदाच पाचवी तिला शहाणी वाटली.

“उघडी,” चौथी म्हणाली.

कुणी हललं नाही.

“राहू… दे… माणसं… दिसतात.”

मिस्त्रींचा हात वर गेलेला तिला दिसला नाही, कारण तिची पाठ होती. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. उरलेली वाक्यं झाली. शेवटी आरिफानं बेरीज सांगितली, पाचवीचे पाच बरोबर, आज्जींचे चार. पाचवी आपल्यापुढं गेली, हे एरवी सुंद्राक्काला आठवडाभर पुरलं असतं. आता ते तिच्या कानांवरून गेलं.

“सहा वर्सं?” तिनं न वळता विचारलं. “सांगितलं का न्हाई?”

चौथी कुजबुज गोळा करत राहिली. ह्या खेपेला सुंद्राक्कानं मनातल्या मनातसुद्धा काही घातलं नाही.

“तू… तोवर… उठलेली… असायचीस.”

ती उठली. खिडकीची खिट्टी काढली, दोन्ही फळ्या भिंतीला टेकवल्या, आणि मागच्या अंगणात निघून गेली.

अंगणात उन्हाला भोपळे मांडलेले होते. त्यांच्यामध्ये ती पाट घेऊन बसली. थोड्या वेळानं प्रणोती आली आणि शेजारी जमिनीवर टेकली.

“मी सांगितलं तसं घासत आलीस तू,” सुंद्राक्का म्हणाली. “म्हंजे सहा वर्सं चुकीच्या जवाऱ्या गेल्या की काय गिऱ्हाइकाकडं?”

“नाही गेल्या.”

“कशा न्हाई?”

“तुम्ही स्वयंपाकघरात गेलात की मी मामंजींना पुन्हा विचारायचे. मग बसून राहायचे.”

सुंद्राक्कानं तिच्याकडे पाहिलं. ह्या पोरीला ती सहा वर्षं मंद समजत आली होती. भाजी निवडायला तास लावते, कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायला आधी आभाळ बघते.

“मला का न्हाई बोललीस?”

“दोनदा सुरुवात केली होती,” प्रणोती म्हणाली. “तुम्हीच पुरं केलंत.”

सुंद्राक्काच्या तोंडात तयार उत्तर होतं, ते तिनं गिळलं. बराच वेळ ती एका भोपळ्यावर बोटानं रेघा ओढत बसली. आपल्याशिवाय मिस्त्रींचं पान हलत नाही, ह्या एका गोष्टीवर ती सहा वर्षं उभी होती. त्यांच्या दुखण्यात ती त्यांचं तोंड झाली होती, आणि तोंड झाल्यावर कान व्हायचं राहूनच गेलं होतं. त्या काचपाटीवर तिला स्वतःचंच बोलणं दिसलं होतं. काळजीचं, पटकन, आणि दुसऱ्याचं.

“पायाला मुंग्या आल्यात,” ती शेवटी म्हणाली. “हात दे.”

आत आरिफा तारा गुंडाळत होती. सुंद्राक्का तिच्यापुढं जाऊन उभी राहिली.

“तुझ्या पाचवीला थांबता येतं का?”

“म्हणजे?”

“गप बसता येतं का तिला? मानूस बोलून हुईपातूर?”

आरिफानं काचपाटी उघडली. “येतं की. कंपनी ते सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यावर लावून देते. बारा सेकंदांपर्यंत वाढवता येतं. अंदाज बांधणं पूर्ण बंदही करता येतं. म्हणजे ती शब्द पुरा ऐकेल आणि तेवढाच म्हणेल. पण आतापर्यंत कुणी मागितलेलं नाही, आज्जी. सगळ्यांना पटकन हवं असतं. घरच्यांना तर फारच.”

“घरच्यांना,” सुंद्राक्का म्हणाली.

“आणि तुम्ही शिकवलेले चार हजार शब्द तसेच पाचवीत जातील. जवारीसकट.” आरिफानं अर्ज पुढं केला. “हा रकाना तुमचा. मत काय लिहू?”

सुंद्राक्कानं अर्ज घेतला, त्या रकान्यावरून बोट फिरवलं, आणि कागद मिस्त्रींच्या मांडीवर नेऊन ठेवला.

“मला काय इचारतीस? गळा त्यांचा हाय.” मग ती मिस्त्रींकडे वळली. “अवो, तुम्हीच सांगा. चौथी का पाचवी. मी बोलत न्हाई.”

एवढं म्हणून तिनं पदराचं टोक दातांत धरलं, म्हणजे खरंच बोलता येऊ नये. मिस्त्रींनी तिच्याकडे असं बघितलं, जणू अठ्ठेचाळीस वर्षांत ही बाई पहिल्यांदा घरात येतेय. आरिफा बसली. प्रणोती बसली. खिडकीतून रस्ता दिसत होता. एक बाई छत्री उन्हासाठी धरून चालली होती, समोरचा न्हावी दारात उभा राहून आळस देत होता. मिस्त्री आधी ते सगळं बघून झाले, मग बोलायला लागले. चौथीला चार मिनिटं लागली असतील.

“आवाज… माझा… दे,” ती पत्र्याच्या आवाजात म्हणाली. “घाई… काढ.”

आरिफानं घाई काढली. दिवा हिरव्याचा निळा झाला आणि निळाच राहिला. रकान्यात सुंद्राक्कानं ओठ दाबून आपलं नाव लिहिलं, मताच्या जागी काही लिहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात प्रणोती एक तंबोरा पोचवायला सांगलीला गेली. दुपारची वेळ होती. सुंद्राक्का कारखान्यात मिस्त्रींच्या खुर्चीजवळ बसून जुन्या तारांचे तुकडे वेगळे करत होती, पितळेचे इकडे, पोलादाचे तिकडे. ते दोघंच होते. हल्ली ती अशी बसायची. बसायला अजून जमत नव्हतं, पण बसायची.

“तुला,” मिस्त्री म्हणाले. त्यांच्या आवाजात.

दिवा निळा, स्थिर. सुंद्राक्काच्या डोक्यात वाक्यं धावून आली. तुला सांगितलं होतं. तुला ऐकू येत नाही का. तुला झोप आली असेल तर जा. एकेकाला तिनं दारातून परत पाठवलं. तारेचा एक तुकडा बोटात धरून ती बसून राहिली.

“काय,” मिस्त्री म्हणाले.

म्हणजे रागावलेत? काय काय सांगू, काय मेलं नशीब? नाही. थांब.

समोरचा न्हावी एका गिऱ्हाइकाच्या मानेवरचे केस झटकत होता. मिस्त्री रस्त्याकडे बघत नव्हते. तिच्याकडे बघत होते.

“पायजे?”

तिला क्षणभर अर्थच लागेना. मग तिनं तीन शब्द मनात एकापुढं एक ठेवले. तुला काय पायजे. माहेरी असताना, लग्नात, तीन बाळंतपणांत, ह्या खोलीत, कुणी हे तिला विचारल्याचं तिला आठवेना. कदाचित विचारलंही असेल, आणि तिनं ‘मला काय पायजे असायचंय’ म्हणून विषय तिथंच संपवला असेल. तेच उत्तर आताही जिभेवर आलं होतं. तयार, गुळगुळीत, हजार बायकांनी वापरलेलं.

तिनं ते म्हटलं नाही. तारेचा तुकडा खाली ठेवला.

“मला,” ती म्हणाली.

पुढचा शब्द तिच्यापाशी नव्हता. सगळ्यांची वाक्यं पुरी करणाऱ्या बाईला स्वतःचं दुसऱ्या शब्दावर अडलं. ती मिस्त्रींकडे बघत राहिली, गळ्याशी काहीतरी गोळा होत होतं, पण ते काय आहे ते अजून तिलाच ओळखू येत नव्हतं.

मिस्त्रींनी डावा हात खुर्चीच्या दांडीवर नीट टेकवला, आणि ते वाट बघत बसले.